उधळलेली नाणी

आमच्या ह्यांना फुलांपेक्षा चिल्लरीत जास्त रस. नाशिकच्या फुलबाजारात मी हार ओवायचे, हे गिऱ्हाईक बघायचे. बघायचे म्हणजे काय, गिऱ्हाइकानं दिलेलं नाणं बघायचे. वरून-खालून दोन बोटांत धरायचं आणि अलगद बाजूला फिरवायचं. पुढचे सिंह सरळ असले तर मागचा आकडाही सरळच यायला हवा. तिरपा आला, की टाकसाळीत ठसा फिरलेला, आणि नाणं ह्यांच्या खिशात. मी म्हणायचे, "गिऱ्हाईक खोळंबलंय, नाण्याची पत्रिका नंतर बघा." हे म्हणायचे, "अगं, असं एखादंच चुकतं."

ती चुकलेली नाणी हे देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत ठेवायचे. देवापुढून कुणी काही उचलत नाही, असा ह्यांचा तर्क.

हे गेले झोपेतच. नातवंडं खेळवलेला माणूस, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे अंत्ययात्रेत लाह्यांबरोबर सुट्टे पैसे उधळायचे होते. आता लोक गजरासुद्धा फोनवर स्कॅन करून नेतात. ऐनवेळी सुट्टे आणायचे कुठून? नणंदेनं देव्हाऱ्यातली डबी उचलली आणि लाह्यांच्या सुपात उपडी केली. देवापुढची चिल्लर अशाच कामी येते, तिचं तरी काय चुकलं? मी घरातच बसून होते. पुरुष माणसं परत आल्यावर रिकामी डबी दिसली.

नणंद रडायला लागली. "वहिनी, देवाचे सुट्टे वाटले गं मला."

दीर वणीकडे शेती बघतो. तो म्हणाला, "वहिनी, पोरांनी उचलून तिथल्याच दुकानांत दिली असतील. इचारून बघतो. लय लांब नाय गेली."

मी म्हटलं, राहू द्या. उधळलेलं परत घरात आणत नाहीत. मला राग आला नाही. रडूही येत नव्हतं. बायका गळ्यात पडायच्या, माझ्या रडण्याची वाट बघायच्या, आणि मी त्यांना चहा घेणार का विचारायचे. दगड झालीय, असं कुणीतरी माजघरात म्हणालं. बरोबरच होतं.

तेरावं झालं आणि मी बाजारात बसू लागले. ह्यांची नाणी इथेच कुठेतरी फिरत असणार. एखादं तरी माझ्या हातात यावं, एवढंच मला हवं होतं. उचलून आणायचं नाही हे खरं, पण फुलं विकून आपसूक आलं तर चालतं, असं माझं मीच ठरवून टाकलं. मग येईल ते नाणं मी फिरवायला लागले. हात फिरवायचे, डोळे बघायचे, आत काही हलायचं नाही. सरळ. हेही सरळ. गिऱ्हाइकं वैतागायची, मला त्याचंही काही वाटायचं नाही.

परवा एका मुलीनं वेणी मागितली आणि नाणं दिलं. फिरवून बघते तर आकडा नाहीच. दोन्ही अंगांना सिंह. एका अंगाला नेहमीसारखे, दुसऱ्या अंगाला तेच उलटे आणि आत खचलेले, कणकेवर वाटी दाबावी तसे. आधीचं नाणं साच्यातच अडकलं असणार. डबीतलं हे नव्हतंच. असलं ह्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी शेजारी हात पुढे केला. "अहो, हे बघा तरी!"

शेजारी नुसतं गोणपाट अंथरलेलं होतं.

"मावशी, मला म्हणालात का?" मुलीनं विचारलं.

खरं सांगते, तोवर मला हे कुठेतरी सुट्टे आणायला गेलेत असंच वाटत होतं. मी भर बाजारात हंबरडा फोडला. त्या बिचारीची वेणी माझ्याच हातात राहिली, आणि मुलगी ती मागेनाही.