आधी सगळं बंद करा

करीमचाचा कुणाच्याही घरी दुरुस्तीला आले, की आधी सगळं बंद करायला लावायचे. पंखा, फ्रिज, टीव्ही, देवघरातली छोट्या दिव्यांची माळ आणि शेवटी माणसांची बडबड. मग दाराजवळ स्टुलावर बसून, डोळे मिटून ते त्या गप्प झालेल्या घराला कान लावायचे. बदनापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात येणारे रेडिओ कमी होत गेले, पण आवाजाची तक्रार असली की लोक अजून त्यांनाच बोलवायचे; मग तो मशिदीचा भोंगा असो की भजनी मंडळाचा अँप्लिफायर. ते म्हणायचे, "बिघाड शोधायचा नसतो बेटा. बाकीचं एक-एक काढत जायचं. मागं राहतो तो बिघाड."

आमच्याकडे ते आले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पप्पांनी मला नवा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्याच्या स्पीकरमधून सतत एक घूं असा आवाज यायचा. गाणं लावलं की गाण्याखाली, बंद केलं की नुसताच. पप्पांना मी एवढंच सांगितलं होतं. खरं कारण सांगितलं नव्हतं.

खरं कारण एक कॅसेट होती. आईला लिहिता फारसं येत नव्हतं. मला लहानपणी जालन्याच्या इंग्रजी शाळेत, हॉस्टेलवर ठेवलं, तेव्हा ती पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. मी ती ऐकून परत द्यायची, आणि त्याच कॅसेटवर ती पुढचं पत्र बोलायची. त्यामुळे आईची सगळी पत्रं आधीच्या पत्रांवर गेली आणि शेवटचं तेवढं उरलं. ती गेली तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर ती कॅसेट मी एकदाही लावली नव्हती. आता ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती, पण जे काही उतरवावं त्यात ती घूं आधी उतरायची.

करीमचाचांनी नेहमीप्रमाणे सगळं बंद करायला लावलं. फक्त कॉम्प्युटर चालू. आधी त्यांनी टेबलावरचा पप्पांचा मोबाईल उचलून पप्पांच्याच हातात दिला आणि त्यांना अंगणात पाठवलं. मध्येमध्ये येणारी टिकटिक तेवढ्यानं थांबली. मग टेबलामागे वाकून त्यांनी स्पीकरची वायर लाईटच्या वायरींच्या गुंत्यातून सोडवून वेगळी टाकली. घूं कमी झाली, गेली नाही. मला म्हणाले, "आता तर बराबर ऐकू येऊन राह्यलं. याहून साफ कशाला पायजे तुला?"

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नसे. मी आत गेले आणि आईच्या साड्यांमधून कॅसेट काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढली होती. कुणाचा आवाज आहे, हे त्यांनी विचारलं नाही. झब्ब्याला हात पुसले आणि म्हणाले, "ही एकदा वाजंल. दुसऱ्यांदा वाजंल का न्हाई, मी जबान देत न्हाई. मंग आज न्हाई वाजवायची. आधी ती घूं बिलकुल गेली पायजे."

मग त्यांनी चपला काढल्या आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली. मलाही लावायला सांगितली. बारीक झिणझिण्या आल्या; करंट जमिनीत उतरत नव्हता. त्यांनी पप्पांना हाक मारून विचारलं, अर्थिंग कुठं आहे. पप्पा म्हणाले, घर बांधतानाच केलं आहे, तिकडे, धुण्याच्या दगडाजवळ. तिकडे आता दगड नव्हता. आई गेल्यावर पप्पांनी तो काढून सगळ्या अंगणाला फरशी केली होती, आणि सांडपाणी पाईपनं बाहेर नेलं होतं.

करीमचाचा फरशीकडे बघत राहिले. "अर्थिंगला ओल लागते, साहेब. वहिनी होत्या तवर रोज धुण्याचं पाणी भेटत होतं. आता ती जमीन कोरडी ठाक पडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पहारीच्या आवाजानं जाग आली. पप्पा स्वतः फरशी फोडत होते. करीमचाचांनी खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरला आणि रोज एक बादली पाणी टाकायला सांगितलं. ते पाणी पप्पाच टाकायचे, कुणाला टाकू द्यायचे नाहीत. चार दिवसांनी स्पीकर लावला, तर आत काहीच नव्हतं.

त्या दिवशी करीमचाचांनी कॅसेट उघडली, फीत कापसानं पुसून नव्या डबीत बसवली आणि टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली. सगळं बंद झालं. मी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं, त्यांनी टेपचं बटण दाबलं.

आधी एक घरघर आली. तिच्यात ठरावीक अंतरानं टक्, टक्. मला वाटलं, घूं परत आली. मी थांबवायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी तळवा आडवा धरला. हळूच म्हणाले, "हात लावू नको. हा आपला न्हाई. आतला हाय." आणि त्या घरघरीतून आई बोलायला लागली. केस ओले बांधू नको, म्हणाली. शेजारच्या शेळीला दोन पिल्लं झाली, म्हणाली. सहा मिनिटांत पत्र संपलं. पप्पा दारात उभे होते. ते वळून अंगणात गेले.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, कॉम्प्युटरवर ती घरघर काढून टाकता येते. चाचांना येत नाही असं एवढंच मला येत होतं. "दाखव," ते म्हणाले. मी काढून दाखवली. घरघर गेली, पण आईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला.

ते वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "हा तुमचा टेबल फॅन हाय. दांड्याचा बुश घासला होता, म्हणून घरघरायचा. मी बदलायला आल्तो. तुझी माय म्हणली, भाऊ, फिरण्यापुरता बघा, आवाज राहू द्या. पोरगी सुट्टीला घरी आली की त्याच्याबिगर झोपत न्हाई."

मी केलेलं सगळं मागे घेतलं. घरघर परत आली. मी त्यांना 'थँक यू' म्हणाले, इंग्रजीत. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

नोकरीसाठी मी पुण्याला आले. करीमचाचा गेल्याचं पप्पांनी फोनवर सांगितलं, तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता. त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. रेकॉर्डिंग वायरीतून झालं होतं, खोलीतलं काही त्यात आलं नाही. पण मी रेकॉर्डिंग सुरू केल्यापासून त्यांनी टेपचं बटण दाबेपर्यंत मध्ये चार सेकंद गेले. फाईल लावली की आधी ते चार सेकंद येतात. घूं नाही, टिकटिक नाही, काहीच नाही. मग पंखा, मग आई.

फाईलची प्रत काढून देताना ऑफिसातला एक जण म्हणाला, सुरुवातीचं रिकामं आहे, कापून टाकू का. मी नको म्हणाले.