पाट्याच्या हँगरवरची खूण

वस्तादांच्या रक्षाविसर्जनाला मी गेलो नाही. घरी सांगितलं, अंगात ताप आहे. ताप नव्हता. काय होतं ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, आता लिहून टाकतो.

उद्यमनगरात त्यांचं वेल्डिंगचं शेड होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांची एक रीत होती. जोडलेलं काम थंड झालं की शेजारी पंच या टोकदार हत्यारानं आपली खूण ठोकायची. त्यांची खूण म्हणजे ओळीत तीन ठिपके. "जिथं आपली खूण, तिथला जाब आपल्याला," म्हणायचे. शिकणाऱ्याला खूण नसायची. ती स्वतःचं दुकान टाकल्यावर.

एका ऊस हंगामात मुरगूडकडची एक ट्रॉली उलटली. आमच्याकडे जोडलेलं ॲक्सलचं ब्रॅकेट सुटलं होतं, वर बसलेल्या माणसाचा पाय मोडला होता. ट्रॉलीवाला पाच-सहा जणांना घेऊन शेडात आला. ते वेल्डिंगचे टाके वस्तादांनी मारले होते, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत, घाईघाईनं. खूण ठोकायची राहून गेली होती. मी शेजारी पट्टी धरून उभा होतो, म्हणून मला पक्कं ठाऊक.

वस्ताद वाकले, सुटलेल्या ब्रॅकेटवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझी खूण कुठं हाय? दावा की! बिनखुणंचं काम ह्येचं."

आणि सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली.

मी बोललो नाही. मला बोलता येत नाही वेळेवर, आजही येत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एकजण ओरडला, "आला बघा कच्चा टाका! ह्येच्या कपाचा कान धरून बसा रं, निखळंल!" सगळे हसले. पुढची दोन वर्षं उद्यमनगरात कुणी माझ्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला नाही. फाउंड्रीत वाळू उपसली. मग एका पत्र्याखाली स्वतःचं दुकान टाकलं, हळूहळू गाड्यांच्या चासीचं काम मिळायला लागलं. माझी खूण ठरवली: दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. दुकानाच्या दारावरही तीच रंगवली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार साल उलटल्यावर, एका सकाळी दारात जुनी जीप थांबली. मागनं एका बाजूला बसकी. ड्रायव्हरच्या शेजारून वस्ताद उतरले.

"ओळखलंस का न्हाईस?"

"ओळखलं की. या वस्ताद."

"डोळं गेलं बघ गड्या माझं. टाका दिसत न्हाई. शेड बंद केलं. ही जुनी गाडी घेतलीया, गगनबावड्याला वडाप करायला, शिटा भरून. तीन हातं फिरून आलीया, पर इंजान झक्कास हाय. मागनं कायतर कुरकुरतंय."

मी खाली शिरलो. मागचे पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या त्या लांब कमानी, ज्या हँगरनं चासीला धरलेल्या असतात, त्यातलं उजवीकडचं हँगर जवळजवळ सुटलेलं. चासीला बोटभर चीर. अशा कामाला गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत घासायचा, चिरेच्या टोकाला भोक पाडायचं म्हणजे ती पुढे जात नाही, मागनं जाड पट्टी लावायची आणि चहूबाजूंनी थोडंथोडं करत भरून घ्यायचं. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं.

मी गंजावर चार टाके मारले. वर लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली आणि काळा रंग फासला. खूण ठोकली नाही.

मला त्या दिवशी मजा आली. हे लिहायला जड जातंय, पण आली. रंग फासताना मनात चित्र होतं. घाटाचं वळण, निखळलेलं हँगर, आणि माणसांच्या घोळक्यात उभे वस्ताद: सगळे त्यांना जाब विचारतायत आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. जीपमधली माणसं मी त्या चित्रातून काढून टाकली होती. ती असणार हे मला कळत नव्हतं असं नाही.

निघताना वस्ताद वाकले आणि हँगरवरनं हात फिरवला. बराच वेळ. मग बोटाला लागलेला ओला काळा रंग पँटीला पुसला.

"बरं," एवढंच म्हणाले.

पावसाळाभर ती जीप माझ्या दारावरून जायची. आत चौदा-पंधरा माणसं, मागं फळीवर उभी दोन. मी रोज बघायचो. हाक मारून थांबवली नाही. एकदा दोन दिवस दिसली नाही तेव्हा भीती वाटली, आणि भीतीबरोबर खुशीही. दोन्ही खरं.

दसऱ्याच्या आसपास तिचा ड्रायव्हर सायलेन्सरची पट्टी तुटली म्हणून भरल्या गाडीनिशी आला. बरोबर त्या उजव्या चाकावरच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर पाटी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "पावणं, वाईच पाणी देता का?" तिला तांब्या दिला. बहाणा करून हँगर पुन्हा भरून द्यायचं ठरवलं आणि खाली शिरलो.

माझे टाके नव्हते. लांबी नव्हती. मागनं जाड पट्टी, चिरेच्या टोकाला भोक, चहूबाजूंनी भरलेलं काम. वेल्डिंगची रेघ मात्र वाकडीतिकडी, न दिसणाऱ्या माणसानं लिहिल्यासारखी. आणि शेजारी ठोकलेली खूण: दोन ठिपके, खाली आडवी रेघ. माझी.

"ह्ये कुणी केलं रं?" मी खालनंच विचारलं.

"मालकानं सोता," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्याकडनं न्हेली आन् तवाच एका वळखीच्या शेडात घातली. म्हणालं, खूण न्हाई, काम खोटं हाय. दोन दीस खपलं. डोळ्यातनं नुसती धार, तरी सोडंनात. मी म्हटलं, मालक, तुमची तर तीन टिंबं न्हवं? तर म्हणालं, गप, काम त्येचं हाय."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आधी आला तो संताप. पाच-सहा माणसांत मारलेल्या थपडेची भरपाई या माणसानं गाडीच्या खाली, चिखलात, कुणाला दिसणार नाही अशी केली होती. आणि सूड घ्यायला काही शिल्लकही ठेवलं नव्हतं. मी कानस घेतली आणि ती खूण घासून काढली. लोखंड साफ पांढरं झालं तरी घासत होतो.

"मिस्त्री, झालं का? का मुक्कामच हाय खाली?" ड्रायव्हर ओरडला. माणसं हसली.

बाहेर येऊन मी त्याला म्हणालो, "मालकाला सांग, खूण पुसली म्हणून."

त्यानं सांगितलं. वस्ताद काय म्हणाले हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. जीप त्याआधीच विकली होती, कुणी म्हणतं शाहूवाडीकडे.

अजूनही रस्त्याकडेला जुनी जीप उभी दिसली की मी मागच्या उजव्या चाकापाशी वाकतो. लोकांना वाटतं, काही पडलंय. खिशात पंच असतो. ते हँगर सापडलं, तर तीन ठिपके ठोकायचे आहेत.