गुडघे बदललेली गाडी

माझ्या बाबांनी पस्तीस वर्षं ट्रक चालवला, पण एक दिवसही स्वतःचा चालवला नाही. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, आणि गाडीत कोण बसणार हेसुद्धा मालकच ठरवायचा. त्याचा नियम कडक होता. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर, घरची माणसं अजिबात नाहीत. त्यामुळे लहानपणी मी त्या गाडीला फक्त बाहेरून ओळखत होते. पुढं लांब नाकासारखं बोनेट, मडगार्डांवर बसवलेले दोन गोल दिवे, आणि डाव्या दाराच्या पत्र्यावर हात ठोकणारा क्लीनर. दोन ठोके म्हणजे चल, एक ठोका म्हणजे थांब. मालकाच्या आवारात गाडी मागं घेताना बाबा आरशात बघायचेच नाहीत, त्या ठोक्यांवर घ्यायचे. मला त्या क्लीनरचा भयंकर राग यायचा. माझ्या बाबांना चल नि थांब म्हणणारा हा कोण, असं वाटायचं.

मी पुढं चित्रकलेची शिक्षिका झाले आणि निवृत्त होऊन वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत राहते. बाबा माझ्याकडेच असतात. ऐंशी ओलांडलीय. दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदललेत, कानाला पाखराचा आवाजही ऐकू येतो, पण डोळे काचबिंदूनं खाल्ले. डावा गेलाच. उजव्यानं दाराच्या फटीतून पाहावं तेवढंच दिसतं. जेवढं आहे तेवढं जपा, वाढणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी बाबांना विचारलं की काही पाहायचं राहिलंय का. मला वाटलं, एखादा देव सांगतील. केळझरवरून जाताना ते गणपतीला स्टिअरिंगवरचा एक हात उचलून नमस्कार करायचे, असं सांगायचे, म्हणून मी केळझरची तयारीसुद्धा मनात करून टाकली होती.

ते म्हणाले, "बोनेटवाली गाडी पाह्यली असती एकदा. आता रोडवर दिसतच नाई."

नुसती पाहायचीच असती तर कुणाच्याही दारात नेऊन दाखवता आली असती. पण जन्मभर त्यांनी दुसऱ्याचीच गाडी पाहिली होती. मला ती त्यांची हवी होती, आणि ती फट बंद व्हायच्या आत हवी होती. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. कार चालवताना वळणावर घाम फुटणारी बाई ट्रक घेते म्हणजे काय. मी म्हटलं, हौसेला मोल नाही, आणि पेन्शन माझी आहे.

गाडीतलं मला काडीचं कळत नव्हतं. जवळ होता तो एक जुना फोटो. त्यात बाबा बंपरवर पाय ठेवून उभे आहेत आणि नेमकी जी ओळखीची जागा, जाळीवरची पाटी, तीच त्यांच्या पायानं झाकलीय. मी त्या फोटोवरून वहीत चित्र काढलं. दिव्यांमधलं अंतर, जाळीच्या उभ्या पट्ट्या, काचेच्या मधला दांडा, सगळं मोजून काढलं. मग वर्ध्याच्या आसपास जिथं जुनी गाडी दिसेल तिथं वही उघडून उभी राहायला लागले. एका भंगारवाल्याकडे हुबेहूब तेच नाक सापडलं. मी आनंदानं फोनवर फोटो काढून आणला. बाबांनी फोन उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला आणि विचारलं, मागं चाकं किती? मी चाकं मोजलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजली तर एकूण दहा निघाली. ती मोठ्या वजनाची गाडी होती. बाबांची मध्यम, सहा चाकांची. माणूस नाकावरून ओळखता येतो, गाडी नाही, असं ते म्हणाले आणि मला कमानपाटे मोजायला शिकवलं. चाकावर वजन तोलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या. त्यांचा जुडगा जितका जाड तितकी गाडी भारी. मी विद्यार्थिनीसारखी वहीत लिहून घेतलं.

देवळीच्या पुढं एका शेतकऱ्याच्या मांडवात शेवटी ती मिळाली. सहा चाकं, कमानपाटे बरोबर, दिवे मडगार्डांवर. मागच्या हौद्यात तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, भरलेल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. शेतकरी माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. गाडी त्यानं मामाकडून घेतली होती आणि आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवायचा. आता मांडव रिकामा हवा होता. महिनाअखेरपर्यंत कुणी नेली नाही तर कापायला देणार, हे त्यानं आधीच सांगितलं. केबिनमध्ये पत्र्याची एक पाटी होती, तिच्यावर आकडे कोरलेले. शाळेत मुलांना नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायला शिकवायचे, तसा मी त्या पाटीवर कागद ठेवला आणि माझी मऊ पेन्सिल घासली. आकडे सुंदर उमटले. त्यांवरून गाडीचं साल लागत होतं, आणि ते बाबांच्या गाडीचंच साल होतं. मला तिथंच रडू आलं. शेतकरी बिचारा गोंधळला. त्यानं पाणी आणून दिलं.

रविवारी बाबांना घेऊन गेले. मी त्यांना बोनेटसमोर उभं केलं आणि ते कसे बघतात ते बघत राहिले. ते फार वेळ बघत होते. फटीतून एवढी मोठी गाडी बघायची म्हणजे तुकड्यातुकड्यानं बघावी लागते. मग डोळे मिटले आणि हातांनी सुरू केलं. बोनेटची कडी, दिव्याची कड, पायरी. कोंबडीला हळूच बाजूला करून केबिनमध्ये चढले. बोटं त्या पाटीवर गेली आणि थांबली.

"इथं स्क्रू काऊन?" ते म्हणाले. "कंपनी तर रिबिट मारते."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. रिव्हेट निघत नाही, पण स्क्रूची पाटी कुणालाही काढता-घालता येते; तिच्यावरून गाडी ओळखणं म्हणजे घरावरची नावाची पाटी वाचून आत कोण राहतं ते सांगणं. खरा नंबर चेसीवर, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला असतो, उजव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ, असं बाबांनी सांगितलं. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई पदर खोचून गाडीखाली आडवी झाले. चिखल खरवडला, घासलेटानं पुसलं, कागद दाबून धरला आणि पेन्सिल घासली. एकेक आकडा उमटत गेला. पाटीवरचा एकही त्याच्याशी जुळत नव्हता.

शेतकऱ्यानं कागदपत्रं आणली. कागदांवर चेसीचाच नंबर होता, म्हणजे फसवणूक अशी कुठलीच नव्हती. मामाच्या काळात गाडी पलटी झाली होती, केबिन चेपलं, तेव्हा दुसऱ्या एका जुन्या गाडीचं केबिन वर बसवलं होतं. पाटी त्या केबिनसोबत आली. खालची गाडी मात्र पुष्कळ वर्षांनी नवी. शेतकरी म्हणाला की मी जुनी जुनी म्हणत होते, त्याला वाटलं गाडी मला पसंत आहे, म्हणून तो गप्प राहिला.

मी धुळीत तशीच बसले. इतके दिवस जपलेलं सगळं हातातून गळाल्यासारखं वाटलं. बाबांना म्हटलं की ही नको, खरी शोधू. मला घाई झालेली. पी हळद नि हो गोरी, त्यातला माझा स्वभाव. पण खरी कुठं मिळणार होती, आणि ती मिळेपर्यंत त्या फटीतून काय दिसणार होतं, हे मलाही ठाऊक होतं.

बाबा पायरीवर बसून गुडघे चोळत होते. "माहे दोन्ही गुडघे बदलले," ते म्हणाले. "म्हणून का तू मले दुसरा बाप म्हणशील?"

शेतकरी हसला. मग मीही हसले, नाक पुसत. तिथंच व्यवहार ठरला. बाबांनी घासाघीस करू दिली नाही. आठवड्यातून एकदा सुरू करणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची नसते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

कोंबडीची अंडी टोपलीत गेली, तुऱ्हाट्या उतरल्या. इंजिन थोडं खोकून लागलं. मांडवापुढं सोयाबीन काढलेलं सपाट रिकामं वावर होतं, हरभरा अजून पेरायचा होता. शेतकऱ्यानं गाडी वावरात काढून दिली आणि उतरला. आता मीच चालवणार म्हणून ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले होते, तेवढ्यात बाबा विचारायला लागले की वावरात खड्डा, विहीर, ढोर, काही आहे का. काही नाही, असं शेतकरी म्हणाला.

"मंग तू तिकून बस," बाबांनी मला डावी बाजू दाखवली. "क्लीनरच्या जागी. तू ठोकजो, म्या चालवतो."

मी गाडीला वळसा घालून गेले आणि ज्या जागेवर मला कधी बसू दिलं नव्हतं तिथं चढून बसले. बाबांनी नव्या गुडघ्यानं क्लच दाबला, जोर लागला, पण दाबला. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर दोनदा ठोकलं. गाडी हलली. पहिल्याच गिअरमध्ये, माणूस चालतो तेवढ्या वेगानं. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि मान ताठ होती. असं ताठ मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

समोरचा धुरा, वावराचा बांध, जवळ येत होता. मी ठोका द्यायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"धुरा दूर हाय ना अजून?" बाबांनी विचारलं.

"दूर हाय, बाबा."

मग त्यांनीच ब्रेक दाबला. चाकं धुऱ्यापासून दोन हातांवर थांबली. कडेची माती मऊ असते, स्टिअरिंगला समजते, असं ते म्हणाले.

"तुहा ठोका आला नाई."

"मले तुम्हाले थांबवाचं नोतं."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्या फटीतून त्यांना माझं काय दिसलं असेल, कोण जाणे. मग हात गिअरवर गेला आणि गाडी उलट्या गिअरमध्ये पडली.

"मागं पाह्य," ते म्हणाले, "अन् ठोक."

मी कमरेपर्यंत खिडकीबाहेर झुकले. मागं पूर्ण वावर रिकामं होतं. मी दोनदा ठोकलं.