दीड हात शांतता

मुंबईत आवाज करणारी माणसे लाखांनी असतील, पण आवाज हाताबोटांनी मोजणारा माणूस ब्रह्मदेवाने एकच घडवला आणि तो ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत, नेमका समोरच्या बिऱ्हाडात आणून ठेवला. सारी वाडी त्यांना काका म्हणे. कचेरीत कारकुनी करीत, आणि स्वतः इतके हळू बोलत की समोरच्याने 'काय?' म्हटल्याशिवाय त्यांचे एकही वाक्य पुरे होत नसे. त्यांची रीत अशी: खिशातले घड्याळ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि हात हळूहळू लांब न्यायचा. टिकटिक जिथे ऐकू येईनाशी होई, तिथपर्यंतचे अंतर ते मोजीत. अंतर जितके जास्त तितकी जागा शांत. पहाटेची वाडी दीड हात, दुपारची वीतभर, आणि आरतीच्या वेळचे देऊळ दोन बोटे. आरतीत त्यांना घड्याळ कानाला लावून उभे राहिलेले पाहून पुजारी एकदा म्हणाले, "काका, घाई असेल तर प्रसाद घ्या आणि निघा." दारावर येणाऱ्या कोळणीला त्यांनी कौतुकाने सांगितले, "बाई, तुझा आवाज तीन बोटं भरला." ती टोपली उतरवीत म्हणाली, "माज्या म्हावऱ्याचं मोल करा, गल्याचं कशाला करता?"

एका लग्नात तर मुहूर्त टळायची वेळ आली तरी काका दोन ताशेवाल्यांच्या मधोमध कान देऊन उभे. मी दंड धरून ओढले तेव्हा उलट मलाच शिकवू लागले. "एक ताशा वाजला की घड्याळ दोन बोटांवर येतं. मग दोन ताशांना एका बोटावर यायला नको? येत नाही! जेमतेम अर्धं बोट सरकतं. कानाचा हिशेब निराळाच असतो रे." मला त्यातले काही कळले नाही. जेवणाची पंगत मात्र चुकली, ती अजून आठवते.

लोक हसत, मीही हसे. पण या वेडाच्या मुळाशी काय होते ते मला ठाऊक होते. काकांची मुलगी यमू लहानपणीच आईला अंतरली होती आणि हळू बोलण्यात बापावरही ताण होती. तिची 'बाबा' ही हाक उंबऱ्यापर्यंत येईतो विरून जाई. काका घरात असले म्हणजे खिडक्या लावून बसत, ती हाक चुकू नये म्हणून. तिच्यासाठी स्थळे पाहू लागले तेव्हा लोक पत्रिका आणि मुलाचा पगार विचारीत, काका घड्याळ काढीत. मी एकदा चेष्टा केली तर गंभीर झाले. म्हणाले, "घर असं हवं रे, की पोरीला दुसऱ्यांदा हाक मारावी लागू नये. ती दुसऱ्यांदा मारणारच नाही. गप्प बसेल."

अखेर परळचे एक स्थळ पसंत पडले. मुलगा गिरणीच्या कचेरीत कारकून, माणसे मोकळी. काकांना सवड रविवारचीच, तेव्हा रविवारी आम्ही गेलो. खिडकीतून गिरणी समोरच दिसत होती. काकांनी घड्याळ कानाशी धरले, हात लांब नेला, आणखी लांब नेला आणि त्यांचा चेहरा उजळला. "दीड हात! गिरणी आहे खरी, पण भिंती जाड असणार." लग्न ठरले आणि झालेही.

संक्रांतीचे वाण घेऊन काका परळला निघाले आणि मलाही बरोबर घेतले. वार कामाचा होता. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढे पायी. गिरणीच्या वळणावर आलो आणि पायांखालची जमीनच घरघरू लागली. काकांनी घड्याळ काढले, कानाला चिकटवले, हलवले, किल्ली दिली. "बंद पडलं वाटतं," ते म्हणाले. मी पाहिले तर काटे चालत होते. काकांचा चेहरा पांढरा पडला. "अरे, आपण रविवारी आलो होतो. रविवारी गिरण्या बंद असतात रे!" आयुष्यभर आवाज मोजणारा माणूस नेमका सुट्टीचा दिवस मोजून आला होता.

घरात शिरलो तो स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "बाबा! आत या, बसा!" मी दचकलो. ती यमू होती! सासू ओरडून बोलत होती, दीर ओरडत होता, आणि आमची यमू त्यांच्यावर कडी करून हसत होती. मला तर बरेच वाटले. काका मात्र अंग चोरून बसले. थोड्या वेळाने ते काही पुटपुटले. यमूने कानामागे हात धरला, "काय म्हणालात, बाबा?" काका पुन्हा बोलले. पुन्हा तिला कळले नाही. तेवढ्यात दुपारच्या सुट्टीचा भोंगा सुरू झाला. काका उठून उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा, गळ्याच्या शिरा ताणून, भोंग्यावर आवाज चढवून ओरडले. भोंगा थांबला, गिरणी थांबली, आणि काकांचे वाक्य एकटेच खोलीत उरले:

"तुझ्यावाचून घर खायला उठतं गं!"

साऱ्या चाळीने ते ऐकले. शेजारणी दारात आल्या. कुणी हसले नाही. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. काका मान खाली घालून उभे होते. यमू जवळ आली आणि तिच्या त्या जुन्या, उंबऱ्याशी विरणाऱ्या आवाजात म्हणाली, "मलाही करमत नाही, बाबा."

पुढे कितीतरी वेळ दोघे तसेच हलक्या आवाजात बोलत बसले. मग भोंगा झाला आणि गिरणी पुन्हा सुरू झाली.