मागाच्या खड्ड्यात

आणीबाणीतल्या एका दुपारी माझे वडील आमच्याच मागाच्या खड्ड्यात अंग दुमडून लपले होते आणि आई वर बसून माग चालवत होती. मी तेव्हा नऊ वर्षांची. दप्तर घेऊन दारात पोचले, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर सगळं ठाऊक झाल्यावरही ते मला नीटसं कळलेलं नाही.

आम्ही नागपूरचे विणकर. इतवारीपलीकडच्या आमच्या गल्लीत घरोघरी जमिनीत खड्डा खणून बसवलेले हातमाग होते. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, पायाखालच्या पट्ट्या दाबतो आणि आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकतो. विणणारा म्हणजे पुरुषच. बायांनी सूत उकलायचं, धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर ते गुंडाळून कांड्या भरायच्या, पण मागाला पाय लावायचा नाही. लावला तर बरकत जाते म्हणत. का जाते, ते कुणी सांगत नसे. तरी मला त्या रिवाजाचा केवढा तोरा! जसा काही मीच तो काढला होता.

त्या महिन्यांत नसबंदीची जीप गल्लीत यायची आणि लेकुरवाळा पुरुष दिसला की त्याला घेऊन जायची. आम्ही दोघी बहिणीच. वडिलांना मुलगा हवा होता, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागलेला. गल्लीतले पुरुष कुणी रामटेकला, कुणी आणखी कुठे पळाले होते. वडील उमरेडला मामाकडे गेलेत, असं आईने आम्हाला सांगितलं होतं. पण आदल्याच रात्री, आम्ही झोपल्यावर, ते गुपचूप परत आले होते. मागावर एक लग्नाचं लुगडं अर्धं राहिलं होतं आणि हात स्वस्थ बसेनात म्हणे. आम्ही शाळेत गेल्यावर ते विणायला बसले. मागाची खटखट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते, हे जन्मभर विणत आलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये! जीप थांबली तेव्हा पळायला वाट उरली नव्हती. ते खड्ड्यात उतरले. खटखट तर बाहेर ऐकू गेलीच होती, म्हणून आई मागावर बसली.

मी आत शिरले तेव्हा एक साहेब, दोन शिपाई आणि आमच्या शाळेतले गुरुजी मागासमोर उभे होते. माणसं आणून द्यायचा हुकूम गुरुजींनाही होता.

"माग चालू आहे आणि माणूस घरात नाही?" साहेब म्हणाले.

"मीच चालवून राहिली ना साहेब," आई म्हणाली. "पोरीयले खाऊ काय घालू?"

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे. "खरं सांग बाळ, तुझी आई माग चालवते?"

गुरुजींनी प्रश्न विचारला की हाताची घडी घालून खरं उत्तर द्यायचं, एवढंच मला माहीत. "नाही गुरुजी. आमच्यात बाया मागाले पाय लावत नाहीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की आणखी काही, मला आजही सांगता येत नाही. मग तिने धोटा फेकला. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, पायांची चाल एकदाही चुकली नाही. बघता बघता चार बोटं कापड वाढलं. मी तोंडाचा आ करून पाहत राहिले. हिला हे कधी आलं? आणि मी खोटं बोलले की काय?

गुरुजी वाकले. त्यांनी रेशमी किनार बोटाने चाचपली. खड्ड्यात त्यांना काही दिसलं की नाही, देव जाणे. "बाईच विणते साहेब," ते म्हणाले. "पोरगी लहान आहे, तिला काय कळतं."

जीप गेल्यावर वडील वर आले. त्यांच्या पाठीवर लाकडी पट्ट्यांचे लाल वळ उमटले होते. त्यांनी आंघोळ केली, मागावर गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला आणि आईला म्हणाले, "आता पाय नको लावू." झालं, एवढंच! मला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त माझा आला. आता मार बसणार म्हणून मी कोपऱ्यात उभी होते, तर आईने भाकरी पुढे सरकवली.

"तुले कवा आलं वं माय?" मी विचारलं.

"रोज समोर बसून कांड्या भरते. डोये काही झाकून घेत नाही."

पुढच्या वर्षी सरकार पडलं, पळालेले पुरुष घरी आले आणि मग आम्हाला भाऊ झाला. त्या बाळंतपणात आई मरता मरता वाचली. दोन महिने अंथरुणावर होती. शेजारची मावशी म्हणाली, "पोरगा झाला, सुटली वं बाई एकदाची." आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तवाच सुटली असती. यायले जीपमंदी जाऊ देल्लं असतं तर."

मी दारातच थबकले. मग तिने त्यांना वाचवलंच कशाला? हा गुंता मी सासरी घेऊन गेले. माझी दोन बाळंतपणं झाल्यावर एका उन्हाळ्यात माहेरी आले आणि तिला विचारलंच, "इतकं होतं तर मंग बाबाले लपवलं काहून?"

ती कांडी भरत होती. हात थांबला नाही.

"लेकरं पोटात वागवाची म्या. तुह्या बापानं मले कधी इचारलं नाही, अन् जीप घेऊन त्याले न्याले आले त्यायनंही नाही. मंग त्या दिवशी म्या तरी कोनाले काहून इचारू? माह्या मनानं ठरवलं. बसली मागावर."