डबा म्हणजे काय, हे सांगायला सोलापूरला

आमच्या गावाहून, केमहून, सकाळची सोलापूरची गाडी अगदी वेळेवर सुटते, असं वडिलांनी मला आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. ते रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत आहेत, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. गाडी पाऊण तास उशिरा आली. वडील फलाटावर माझ्या शेजारी उभे राहून रुळांकडे असे बघत होते, जणू चूक रुळांचीच आहे.

आई निघताना म्हणाली होती, "तुझी परीक्षा हाय का सोलापुरात?"

"परीक्षा नाही गं. लहान मुलांच्या डॉक्टरांचा वर्ग आहे. नवीन काय आलंय ते शिकायला जमतात."

"डाक्टर झाल्यावर बी शाळा?"

"आयुष्यभर."

"मग तुझं कसं हुयाचं गं बाई," असं म्हणून तिने शेंगापोळ्यांचा (शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरलेल्या पोळ्यांचा) पुडा पिशवीत कोंबला.

कॉलेजच्या अंकासाठी लिहायचं, तर मी कोकणातल्या आपल्या कॉलेजातून उठून, घरी एक मुक्काम करून, सोलापूरला का गेले, ते आधी सांगायला हवं.

गेल्या पावसाळ्यानंतर आपल्या बालरुग्ण ओपीडीत जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर कामाला आलेली एक बाई आठ महिन्यांचं खोकणारं बाळ घेऊन आली. बोलण्यावरून आमच्याच भागातली. ती म्हणाली, "डबा झालाय वो ह्याला." ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "डब्यात काय काय देता?" बाई गोंधळली. म्हणाली, "अंगावरचं पितंय की अजून." डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं, वरचं खाणं कसं सुरू करायचं ते समजावलं आणि पुढचा नंबर पुकारला.

आमच्याकडे डबा म्हणजे जेवणाचा डबा असतोच. पण तान्ह्या बाळाला डबा होतो, तेव्हा त्याची छाती भरलेली असते, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि पोट भराभर वर-खाली होतं. तुमच्या-आमच्या पुस्तकातला न्यूमोनिया. दुसऱ्या दिवशी ते बाळ निळ्या ओठांनी परत आलं. आठ दिवस ऑक्सिजनवर होतं. वाचलं.

मी तेव्हा केसपेपर हातात धरून डॉक्टरांच्या मागे उभी होते. मला तो शब्द माहीत होता. मी बोलले नाही.

आपल्या विभागाच्या सरांनी मला या प्रसंगावर पाच मिनिटांचं निवेदन लिहायला लावलं. सोलापूरच्या कार्यक्रमात 'बाळाची धोक्याची लक्षणं' असा एक तक्ता पक्का होणार होता. तो दवाखान्यांत, फोन घेणाऱ्यांच्या टेबलावर लागणार होता. त्यात 'डबा' हा शब्द घालून घ्यायचा, एवढंच माझं काम. माझ्या निवेदनाचं शेवटचं वाक्य होतं, 'उपस्थित विद्यार्थिनीला शब्द माहीत असूनही ती बोलली नाही.' सरांनी ते खोडलं. "सगळ्यांसमोर कशाला उगाच?" मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडी कुर्डुवाडीला अर्धा तास थांबली. का थांबली, हे कोणालाच माहीत नव्हतं आणि माझ्याशिवाय कोणी विचारतही नव्हतं. खिडकीतून काढणीला आलेली ज्वारी दिसत होती, पुढे डाळिंबाच्या बागा, मग नुसतं माळरान. मी निवेदन पुटपुटत होते. समोरची आजी बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "कंच्या देवाचं म्हणतीस, पोरी?"

सोलापूर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला हॉलचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "उस नाम के दो हैं. कौनसा?"

"जिथं लहान मुलांचे डॉक्टर आलेत तो."

"डाक्टर लोगां? मालूम हैं, बैठो."

त्याने मला एका लग्नात नेऊन सोडलं. दारावर अत्तर लावणाऱ्या मुलींनी मला अत्तर लावलंसुद्धा. परत फिरून रिक्षात बसले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "इदर भी एक डाक्टर हैं, दुल्हा." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ऊन दहा वाजताच डोक्यात शिरलं होतं.

खऱ्या हॉलवर पोचले, तर नोंदणीच्या टेबलावरचा माणूस लॅपटॉपकडे बघून म्हणाला, "तुमी कन्सल्टंट?"

"नाही. विद्यार्थिनी."

"पीजी?"

"नाही, एमबीबीएस. शेवटचं वर्ष. माझं निवेदन आहे."

"तो कॉलम न्हाय हितं." त्याने मान खाजवली, मागे कोणाला तरी विचारलं आणि गळ्यात घालायचं एक कार्ड काढून दिलं. त्यावर छापलं होतं: 'सोबतची व्यक्ती'. डॉक्टरांच्या बायका-नवऱ्यांसाठी केलेली ती कार्डं. दिवसभर मला तीन जणांनी विचारलं, "कोणाच्या सोबत?" पहिल्या दोघांना मी नीट समजावलं. तिसऱ्याला म्हटलं, "अजून ठरलं नाही."

डॉक्टरांना अशा कार्यक्रमांना हजर राहिल्याचे गुण मिळतात आणि ते नोंदणीच्या नूतनीकरणाला लागतात. त्यासाठी दाराशी एक यंत्र ठेवलेलं, त्यापुढे कार्ड धरायचं. काही डॉक्टर कार्ड धरून आत गेले, काही कार्ड धरून बाहेर गेले. पण हेही लिहायला हवं की पुढच्या चार रांगांतले लोक वही-पेन घेऊन बसले होते. त्यांत पिकल्या केसांचे एक डॉक्टर तर शाळेतल्या पोरासारखे समास आखून लिहीत होते.

उद्घाटन दोन तास चाललं. दीपप्रज्वलनाला पंख्याने वात विझवली. पंखा बंद केला तर सगळे घामाघूम. मग सत्कार. प्रत्येक पाहुण्याला सोलापुरी चादर, प्रत्येक चादरीबरोबर फोटो, आणि फोटोत कोणीतरी राहिलं म्हणून तीच चादर पुन्हा. सूत्रसंचालक दर वेळी म्हणायचे, "वेळेअभावी थोडक्यात," आणि मग थोडक्यातसुद्धा नाही.

चहाच्या वेळी कार्यक्रमपत्रिका हातात पडली, ती मी दोनदा वाचली. माझं नाव श्वसनविकारांच्या सत्रात नव्हतंच. ते आहाराच्या सत्रात होतं. 'डबा: आई काय सांगते?' हे माझं शीर्षक कोणीतरी सुधारून घेतलं होतं: 'शाळेचा डबा: आई काय सांगते?'

मी संयोजकांपैकी एकांना गाठलं. "सर, हा डबा तो नाही."

"मग कोणता?"

"आजार आहे, सर."

त्यांनी पत्रिका उलटी करून पाहिली, जणू मागे खुलासा छापलाय. "आता बदलता येणार न्हाय. बोला की, कुटंबी बोलला तरी बोलणं तेच."

म्हणून मी जेवणाआधीच्या त्या आहाराच्या सत्रात बसले. माझ्या आधी एक बाई मुलांच्या डब्यात मैदा का नको, यावर फार चांगलं बोलल्या. त्यांना वीस मिनिटं होती, त्या पस्तीस बोलल्या. बाहेरून फोडणीचा वास यायला लागला आणि मागच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. सत्राचे अध्यक्ष बाहेरगावचे मोठे डॉक्टर होते. त्यांनी माझं नाव वाचलं. "आता आपली छोटी मैत्रीण डब्यातल्या पदार्थांविषयी आईचं मत सांगेल. दोन मिनिटं हं, बाळ."

पाचाची दोन झाली. पेनड्राइव्ह लावला, तर त्यांच्या संगणकात माझा मराठी टाइप उघडेना. पडद्यावर 'डबा' या शब्दाच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "डबे आले!" सगळे हसले.

मी म्हणाले, "मी पदार्थांवर बोलणार नाहीये. आई म्हणते, बाळाला डबा झालाय. म्हणजे काय?"

अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "म्हणजे डब्याची सवय झालीय."

तेव्हा कडेने पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या मावशी थांबल्या. त्यांना हसू आवरेना. "अवो साहेब, डबा म्हंजी पोराचं पोट लोहाराच्या भात्यावानी हलतंय त्यो! आमच्या मोडनिंबात कुनालाबी इचारा." एवढं बोलून त्या दचकल्या आणि बाटल्यांची पेटी उचलून भिंतीकडे सरकल्या.

मला वाटलं, माझं निवेदन मावशींनी एका वाक्यात संपवलं. मी घाईघाईने चिरेखाणीवरच्या बाईचा प्रसंग सांगितला आणि तक्त्यात हा शब्द घ्यावा, अशी विनंती केली. तक्त्याच्या मसुद्यात 'श्वसनास त्रास होणे' असं लिहिलंय. माझी आई कधी असं म्हणणार नाही, हेही सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "भावना चांगली आहे. पण हा शब्द अशास्त्रीय आहे. पोट फुगलं तरी काही भागात डबाच म्हणतात. तक्त्यावर लिहून आपण गोंधळच वाढवू."

हे खरं होतं. माझ्या स्वतःच्या मावशीने पोटफुगीलाही डबा म्हटलेलं मी ऐकलंय. मी माइकची वायर बोटाला गुंडाळत राहिले आणि शेवटी सुचलं ते बोलले. "सर, मग अर्थ नका लिहू. एवढंच लिहा की आई डबा म्हणाली, तर झबलं वर करून बघा. पोट असेल तर पोट दिसेल, श्वास असेल तर श्वास."

पुढच्या रांगेतले ते समास आखणारे डॉक्टर उठले. इथलेच, जुने. म्हणाले, "आमच्या पिढीला हा शब्द तोंडपाठ होता. नव्या पोरांना आम्हीच सांगितला न्हाय. पण मला एक सांग बाळ, तुमच्या त्या ओपीडीत कुणालाच ठाऊक नव्हता?"

खोडलेलं वाक्य माझ्यासमोर उभं राहिलं. 'नव्हता' म्हटलं असतं, तर कोणी तपासायला येणार नव्हतं.

"मला होता, सर."

"मग?"

"मी बोलले नाही. डॉक्टर बोलत असताना मध्ये कसं बोलायचं, मला कळलं नाही. आमच्या घरात डॉक्टरांसमोर कोणी बोलत नाही."

मागे ताटांचा आवाज येत होता. डॉक्टर हळूच "बरं" म्हणाले, खाली बसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "सूचना मौल्यवान आहे. तक्ता मात्र छापून झालाय, पुढच्या आवृत्तीत बघू. जेवण तयार आहे."

छापून झालाय! मसुदा म्हणून पत्रिकेत दिलेला तक्ता जेवणाच्या हॉलच्या दाराशी गुंडाळ्या करून ठेवलेला होता, आणि प्रत्येकजण एकेक काखेत मारून ताट घेत होता. कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली भाकरी), शेंगाचटणी, भरलं वांगं. उत्तम होतं म्हणे. माझा घास चटणीतच फिरत राहिला. एवढ्या लांब येऊन मी काय केलं? सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली आणि शब्द होता तिथंच राहिला.

हात धुवायला गेले, तेव्हा एक तरुण डॉक्टर मागोमाग आला. राजस्थानचा, इथे बालरोगाचं पुढचं शिक्षण घेणारा. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाला, "मॅडम, मला एक सांगायचं होतं. मागच्या महिन्यात एक आई बोलली, 'टाळू पडली.' मी विचारलं, कुठून पडली? ती बोलली, 'कालपासून पडली.'"

मी हसले, आणि लगेच थांबले, कारण तो हसत नव्हता. टाळू पडते तेव्हा बाळ कुठून पडलेलं नसतं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की डोक्यावरची मऊ जागा आत खोल जाते, तिला आमच्याकडे टाळू पडली म्हणतात.

"मी डोक्याची जखम शोधत होतो," तो म्हणाला. "एक्स-रे काढायला पाठवलं. दोन तास गेले. मग वॉर्डच्या सिस्टरने बघितलं, ओरडली, सलाईन लावलं. बाळ ठीक आहे. पण मी कोणाला बोललो नाही. आज तुम्ही बोललात."

मग त्याने काखेतला तक्ता उलगडून बेसिनशेजारच्या कट्ट्यावर पसरला आणि पेन पुढे केलं. "खाली जागा आहे. दोन्ही लिहा. आमच्या वॉर्डात लावतो."

कागद गुळगुळीत होता, शाई पसरत होती. मी लिहिलं: 'आई डबा म्हणाली, तर झबलं वर करून श्वास बघा. टाळू पडली म्हणाली, तर कुठून पडली विचारू नका. शू कधी केली ते विचारा.' अक्षर वाकडं आलं. मागे दोन डॉक्टर ओले हात धरून खोळंबले होते. एकाने वाचलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "फोटो काढ याचा."

परतीची गाडीसुद्धा उशिराच आली, त्याबद्दल आता काही लिहीत नाही. दोन दिवसांनी मी कॉलेजात पोचले. सरांना सांगितलं की तक्ता काही बदलला नाही. एका तक्त्यावर हाताने लिहिलंय, आणि खोडलेलं वाक्य मी बोलून आले. सर चष्मा पुसत म्हणाले, "मग आता ओपीडीला जा."

परवा सकाळी इथल्याच, कोकणातल्या एका आजीने नातवाला आणलं. "पोर उगीच चिडचिड करता," एवढंच ती म्हणाली. डॉक्टर औषध लिहायला लागले. मी म्हणाले, "सर, एक मिनिट, झबलं वर करून बघू का?" माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच पुन्हा बोलावं लागलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बाळ ठणठणीत होतं. त्याने माझं बोट तोंडात घातलं आणि हसलं.

"झालं समाधान?" डॉक्टर वैतागून म्हणाले. बाहेर रांग वाढली होती.

"हो सर," मी म्हणाले, आणि पुढचं बाळ आत घेतलं.