ओदिलनं वाट मोकळी केली

तरुणपणी ओदिल एकटीच्या बळावर कासव उताणं करायची, म्हणून आमच्या खाडीत तिला 'उलथणं' म्हणत. सेशेल्सच्या या बेटांवर चोचवाली कासवीण, आमची 'कारे', भरदिवसा अंडी घालायला वर येते. तिच्या पाठीवरच्या खवल्यांचे कंगवे, डब्या, बांगड्या व्हायच्या. ओदिल आणि तिचा नवरा बेन्वा कारे धरायचे, खवले सोडवून व्यापाऱ्याला द्यायचे. त्यावरच त्यांची चूल पेटायची.

मग एका हंगामात ओदिल रोज किनारा पालथा घालायची, पण वाळूवर एकही माग दिसेना. घरी येऊन ती बेन्वाला म्हणाली, "संपवली रे आपण त्यांना."

पुढे सरकारनं बंदी घातली. बेन्वा मासे धरायचे बांबूचे सापळे विणू लागला आणि ओदिल किनारा राखू लागली. अख्खं गाव हसलं. "मांजरीला दुधाची राखण!" ओदिल म्हणायची, "मांजरीलाच ठाऊक असतं, दूध कोण कुठून पळवतं ते."

बऱ्याच हंगामांनी एका रविवारी एक भलीमोठी कारे वर आली. अंडी घालून ती पाण्याकडे परतत होती, तेवढ्यात ओदिलचा धाकटा दीर रोनेल दोन गड्यांना घेऊन होडीतून उतरला. चोरून खवले घेणारं गिऱ्हाईक त्याला भेटलं होतं.

ओदिल कासवाच्या आडवी उभी राहिली.

"वहिनी, बाजूला हो. तू कासवं उलथायचीस तेव्हा कुणी अडवलं होतं का तुला?"

"कुणी अडवलं नाही, म्हणूनच आज तुला एवढी एकच दिसतेय."

रोनेलनं तिचा दंड धरून तिला ढकललं. ती वाळूत पडली, उठली आणि पुन्हा आडवी आली. मग तिनं अशी काही आरोळी ठोकली, की चर्चमधून परतणाऱ्या आम्ही बायका तशाच किनाऱ्याकडे धावलो. अंगात ठेवणीतले कपडे, हातात चपला. सगळ्यांच्या पुढे रोनेलची म्हातारी आई, ज्युलियेन. ती काठी टेकत थेट कासवापाशी आली.

"उलथायचंय ना तुला? आधी मला उलथ! कासवापेक्षा हलकीच आहे मी."

"आई, तू घरी जा ना."

"घरी तू ये, मग दाखवते!"

रोनेलचे गडी तोंड लपवून हसायला लागले आणि होडीकडे सटकले; रोनेलही चरफडत त्यांच्यामागे गेला. आम्ही बायकांनी कारेभोवती कडं केलं. ती दमत होती, थांबत होती. ती थांबली की आम्हीही थांबायचो. ज्युलियेननं भजन सुरू केलं, आम्ही सूर धरला. शेवटी एक लाट आली, कासविणीनं वल्ह्यासारखे पाय मारले आणि ती निळ्या पाण्यात दिसेनाशी झाली. ठेवणीतले झगे कमरेपर्यंत भिजवून आम्ही नाचलो. ओदिल मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून हसतही होती आणि रडतही होती.

रोनेल कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. पण अंड्यांतून पिल्लं बाहेर आली त्या दिवशी त्यांना टिपणाऱ्या खेकड्यांना हाकलायला तोच सर्वांच्या आधी हजर होता.

आता हंगामात किनाऱ्यावर मागावर माग उमटलेले असतात. परवा तर एक कारे थेट ज्युलियेनच्या रताळ्यांच्या वाफ्यात शिरली. म्हातारी ओरडत आली, "ओदिल, तुझ्या माहेरवाशिणीला आवर गं!"

ओदिल दारातूनच म्हणाली, "सासूबाई, माहेरवाशिणीला कुणी हाकलतं होय? करू द्या तिला तिचं बाळंतपण!"